पांढऱ्या अल्सेशियनची वंशावळ

इतिहासाच्या व्यासपीठावर कुत्र्याने काय म्हणून यावे, असा प्रश्न विषयाचे नाव वाचून काही मंडळींच्या मनात आला असेल. आमचे उत्तर साधे आहे. माणसाने जेथे जेथे वंशावळीची वही उघडली, तेथे तेथे आपला कोण आणि परका कोण हे ठरविण्याचा अधिकारही त्याने आपल्याकडे घेतला. हा अधिकार त्याने कसा वापरला हे पाहावयाचे असेल, तर माणसांच्या वंशावळींपेक्षा कुत्र्यांच्या वंशावळी अधिक सोयीच्या पडतात. कुत्र्याची पिढी तीनचार वर्षांची, नोंदी छापील, आणि ज्याच्याविषयी निर्णय व्हावयाचा तो प्राणी तक्रार करीत नाही. त्यामुळे निर्णय घेणारे मोकळेपणाने बोलून जातात आणि इतिहासकाराचे काम हलके होते.

आपल्याकडे शहरांतून ज्याला अल्सेशियन म्हणतात त्या कुत्र्यापासूनच आरंभ करू. अल्सास हा फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमेवरील प्रांत. या कुत्र्याचा त्या प्रांताशी खास असा काहीच संबंध नाही. पहिले महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंडात ‘जर्मन’ हा शब्द उच्चारण्याची सोय राहिली नव्हती. आणि कुत्रा तर पुष्कळांना हवा होता. तेव्हा १९१९ साली तेथील केनेल क्लबने त्याला ‘अल्सेशियन वुल्फ डॉग’ असे नवे नाव देऊन घरात घेतले. पुढे ‘वुल्फ’ गळाला, कारण लांडग्याचे नाव ऐकून शेजारी घाबरू लागले. ‘जर्मन शेफर्ड डॉग’ हे मूळ नाव इंग्लंडात पुन्हा चालू व्हावयास १९७७ साल उजाडावे लागले. अमेरिकेतही १९१७ साली नावातला ‘जर्मन’ कापला गेला आणि १९३१ साली परत जोडला गेला. आपल्याकडे हा कुत्रा इंग्रजांच्या मार्गाने आला, म्हणून त्यांचेच नाव आपल्या तोंडी बसले, ते अजूनही पुरते गेलेले नाही. एका जातीच्या नावाचा हा इतिहास ध्यानात ठेवावा. कारण तिच्या रंगाचा इतिहास याहून फारसा वेगळा नाही.

अल्सेशियन म्हटला की डोळ्यांपुढे पाठीवर काळी झूल आणि पायांना तांबूस रंग असलेला कुत्रा येतो. कोणी लांडग्यासारखा करडा पाहिलेला असतो, कोणी निखळ काळा. पण याच जातीत क्वचित एखादे पिल्लू पांढरे शुभ्र निपजते. आईबाप दोघेही काळेतांबडे, भावंडेही तशीच, आणि मध्ये हे एकच पांढरे. नाक काळे, डोळे गडद, पापण्यांच्या कडा काळ्या, पायांच्या गाद्या काळसर. मात्र अंगावर काळा केस एकही नाही. कानांच्या पाठीवर आणि कण्याच्या रेषेवर कधी कधी दुधावरच्या सायीसारखी पिवळसर झाक दिसते, तेवढीच.

असा कुत्रा पाळणे म्हणजे रोज एक लहानशी साक्ष देणे होय. आमच्या घरी अशी एक कुत्री आहे, म्हणून हे अनुभवाने सांगतो. सकाळी तिला घेऊन बाहेर पडले, की कोपऱ्यावर पोहोचण्याच्या आत निदान एक प्रश्न येतोच. “पॉमेरेनियन एवढा मोठा असतो का हो?” हा पहिला. “क्रॉस आहे ना?” हा दुसरा, आणि तो विचारताना स्वरात किंचित सहानुभूती असते. तिसरा प्रश्न जाणकारांचा: “हिला काही व्याधी आहे का?” शेवटी एखादे गृहस्थ भेटतात ते सांगतात, की असा रंग जातीत असूच शकत नाही, तुम्हाला फसविले. पावसाळ्यात चिखलाने ती अर्धी तपकिरी होते तेव्हा हे प्रश्न जरा कमी होतात. या चारही प्रश्नांची उत्तरे कागदोपत्री आहेत, आणि ती शोधता शोधताच आम्ही या इतिहासात शिरलो.

मेंढपाळाच्या कुत्र्याचा रंग कोणता असावा, याविषयीचे युरोपातील फार जुने लेखी मत पहिल्या शतकातील रोमन शेतीशास्त्रकार कोलुमेला याचे आहे. तो म्हणतो, घर राखणारा कुत्रा काळा असावा, म्हणजे दिवसा चोराला त्याचे भय वाटते आणि रात्री तो दिसतच नाही. मेंढरांमागचा कुत्रा मात्र पांढरा असावा. कारण पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या अंधूक उजेडात मेंढपाळ लांडग्यावर घाव घालावयास जातो, आणि कुत्रा लांडग्यासारखा असला तर तो घाव आपल्याच कुत्र्यावर पडावयाचा. हे पुस्तकी शास्त्र नव्हे. ज्याने काठी उगारली आहे त्याच्या हाताचे शास्त्र आहे. इटलीतील मारेम्मा, हंगेरीतील कुवास, पोलंडच्या डोंगरातील तात्रा, पिरेनीज पर्वतातील राखणदार कुत्रे हे सारे पांढरेच आहेत.

जर्मनीतील मेंढपाळांचे कुत्रे थोडे निराळ्या कामाचे. त्यांना लांडग्याशी झुंजण्यापेक्षा कळप हाकणे, पिकाच्या कडेने त्याला वळविणे, हे काम अधिक. एकोणिसाव्या शतकात त्यांत सर्व प्रकार होते: लांब केसांचे, आखूड केसांचे, तारेसारख्या राठ केसांचे, करडे, काळे, ठिपक्यांचे, पांढरे. धनगर आपल्या कामाचा कुत्रा ठेवी, बिनकामाचा काढून टाकी. रंगाची वही कोणाजवळच नव्हती.

ती वही १८९९ साली उघडली गेली. मॅक्स फॉन स्टेफानित्स नावाचा एक घोडदळातील अधिकारी, जन्म १८६४ चा. बर्लिनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात काही काळ नेमणूक झाल्यामुळे प्राण्यांच्या हाडामांसाचे ज्ञान त्याला होते, आणि मेंढपाळांचे कुत्रे काम करताना पाहून त्याचे मन त्यांवर बसले होते. ३ एप्रिल १८९९ रोजी कार्ल्सरूहे येथील प्रदर्शनात आर्थर मायर या मित्रासह फिरत असता त्याला एक करडा, मध्यम बांध्याचा कुत्रा दिसला. त्याचे नाव हेक्टर लिंक्सराइन. स्टेफानित्सने तो तेथल्या तेथे विकत घेतला, त्याला होरांड फॉन ग्राफराथ असे भारदस्त नाव दिले, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला जर्मन मेंढपाळ कुत्र्यांचा संघ स्थापन केला. संघाच्या वंशावळीत पहिल्या क्रमांकावर होरांडचे नाव लिहिले गेले. आज जगात जेवढे म्हणून नोंदलेले अल्सेशियन आहेत, ते बहुतेक सर्व या एका कुत्र्यापर्यंत पोहोचतात.

आता होरांडचे घराणे पाहू. तो फ्रँकफुर्ट येथील श्पारवासर या पैदासकाराकडचा. त्याची आई लेने, आणि तिचा बाप ग्राइफ. हा ग्राइफ १८८० नंतरच्या दशकात प्रदर्शनांतून मांडला गेलेला, नावाजलेला कुत्रा होता, आणि तो पांढरा होता. म्हणजे ज्या आद्य पुरुषापासून ही जात मोजतात त्याचा आजाच पांढरा! पांढरा रंग मागाहून कोठून तरी शिरला, कोणीतरी भेसळ केली, या समजुतीला येथेच पूर्णविराम मिळावयास हवा होता. पण वंशावळीचे पहिले पान वाचण्याची सवय फार थोड्यांना असते.

एखादा रंग आजोबांत दिसतो, मुलीत दिसत नाही, नातवात दिसत नाही, आणि पणतवंडांत कधी तरी अवचित उगवतो, हे कोडे आपल्या आयाबायांना माणसांच्या नाकडोळ्यांवरून पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याचे शास्त्र ग्रेगोर मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावरील प्रयोगांतून मांडले. ते विस्मृतीत गेले आणि १९०० साली, म्हणजे स्टेफानित्सचा संघ एक वर्षाचा असताना, पुन्हा उजेडात आले. त्या शास्त्राप्रमाणे प्रत्येक गुणाचे दोन अंश असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. पांढरेपणाचा अंश दबून राहणारा आहे. दोन्ही बाजूंनी तोच आला तर पिल्लू पांढरे. एकाच बाजूने आला तर पिल्लू दिसावयास अगदी काळेतांबडे, पण पोटात तो अंश जपून ठेवणारे. अशी दोन जपणारी कुत्री एकत्र आली, की सरासरीने चारांत एक पिल्लू पांढरे. दोन पांढरी एकत्र आली तर मात्र सगळीच पांढरी.

हे ध्यानात घेतले म्हणजे होरांडची गोष्ट उलगडते. ग्राइफचा रंग याच प्रकारचा धरला, तर लेनेला बापाकडून पांढरा अंश मिळालाच पाहिजे. आणि लेनेकडून तो होरांडकडे येण्याचा संभव निदान निम्मा. त्यावर संघाने प्रारंभीच्या काळात होरांड, त्याचा मुलगा हेक्टर फॉन श्वाबेन, आणि हेक्टरची मुले यांचाच वापर पुन्हा पुन्हा केला, नात्यात नाते जोडले. उद्देश गुण पक्के करण्याचा होता, आणि ते झालेही. पण नात्यातल्या लग्नांनी जसे घराण्यातले चांगले पक्के होते, तसे दडलेलेही वर येते. त्यामुळे पांढरी पिल्ले संघाच्या अगदी शुद्धतम रेषांतून निपजू लागली. १९१३ साली जन्मलेला बर्नो फॉन डेर ज़ेवीज़ा हा पांढरा कुत्रा संघाच्या वंशावळीत रीतसर नोंदला गेला. तो होरांडच्याच वंशातला. स्टेफानित्सने या जातीवर जो मोठा ग्रंथ लिहिला त्यात त्याचे छायाचित्रही छापले. त्यात त्याला शरम वाटावयाचे कारण नव्हते. कुत्रा कामाचा असावा, शहाणा असावा, रंग हा शेवटचा विचार, हे त्याचे मत संघाच्या पहिल्या वर्षांपासून प्रसिद्ध होते.

येथे थोडे थांबून आपल्याकडे पाहावेसे वाटते. जनावराच्या अंगावरील खुणा वाचण्याचा छंद आपल्या लोकांनाही काही कमी नव्हता. चार पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा शुभ मानीत. अश्वमेधाला श्यामकर्ण घोडा शोधीत. ऋग्वेदातले यमाचे कुत्रे चार डोळ्यांचे सांगितले आहेत. पुष्कळ अभ्यासकांच्या मते भुवयांवर ठिपके असलेल्या कुत्र्याचे ते वर्णन आहे. पण या सर्व प्रकारांत विरळ खूण ही बहुधा मान वाढविणारी असे, किंवा फार तर भाव पाडणारी. अशुभ भोवऱ्याचा घोडा स्वस्तात जाई. तो घोडाच नव्हे, असे कोणी म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. ‘हा या जातीचाच नाही’ असे म्हणता येण्यासाठी आधी जातीची छापील व्याख्या लागते, आणि ती एकोणिसाव्या शतकातील प्रदर्शनांच्या व संघांच्या चळवळीने आणली.

व्याख्या एकदा छापली गेली, की तिच्यात दुरुस्त्या सुचविणारे मिळतातच. पहिल्या महायुद्धानंतर हा कुत्रा जगभर गाजला. रिन टिन टिन या चित्रपटातील कुत्र्याने त्याला घराघरांत नेले. मागणी वाढली, किमती वाढल्या, आणि पैदासकारांस एका भयाने घेरले: रंग फिका पडत चालला आहे. गडद, झळाळीचा रंग म्हणजे जोम, आणि फिकेपणा म्हणजे ऱ्हास, असे समीकरण तयार झाले. मग या फिकेपणाचा आरोपी कोण, याचा शोध सुरू झाला आणि बोट साहजिकच पांढऱ्याकडे वळले. त्याच्यावर तीन आरोप ठेवले गेले. तो अल्बिनो आहे, म्हणजे त्याच्या शरीरात रंगद्रव्यच नाही. तो बहिरा आणि दुबळा निपजतो. आणि तो भावंडांच्या संततीचा रंग विटवितो.

तिन्ही आरोप तपासण्याजोगे होते. पहिल्याला कुत्र्याचे काळे नाक हेच उत्तर. अल्बिनो प्राण्याचे नाक गुलाबी असते. दुसरा आरोप दुसऱ्यांच्या अपराधावरून आला. डाल्मेशियन, पांढरा बॉक्सर यांच्यात बहिरेपणा आढळतो हे खरे. पण त्यांचा पांढरेपणा निराळ्या जातीचा आहे. त्यांच्यात रंग बनविणाऱ्या पेशीच अंगाच्या काही भागांत पोहोचत नाहीत, आणि कानाच्या आतील भागात त्या नसल्या की ऐकण्याला बाधा येते. पांढऱ्या अल्सेशियनमध्ये त्या पेशी जागच्या जागी असतात. केसात काळे द्रव्य तेवढे उतरत नाही. तिसऱ्या आरोपाला मेंडेलच्या हिशेबातच उत्तर होते. दबलेला अंश दबलेला असतो. तो शेजारच्या रंगात पाणी घालीत बसत नाही. १९५७ साली क्लॅरेन्स लिटल या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या रंगांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा या सर्व भानगडींची घडी शास्त्रीय रीतीने बसली. पण तोपर्यंत निकाल लागून गेला होता.

१९३३ साली जर्मन नियमावलीतून पांढरा रंग बाद झाला. साल पाहिले की कोणाच्याही मनात एकच विचार येईल. नाझी पक्ष त्याच वर्षी सत्तेवर आला, वंशशुद्धीचा गजर चालू होता, संघांवर सरकारी पकड बसत होती. स्वतः स्टेफानित्सवर एवढा दाब आला, की १९३५ साली त्याने आपण स्थापन केलेला संघ सोडला. पुढच्या वर्षी २२ एप्रिल रोजी, म्हणजे संघाच्या सदतिसाव्या वाढदिवशी, तो वारला. तेव्हा हा नियम नाझींच्या खाती टाकून मोकळे होण्याचा मोह पडतो, आणि पांढऱ्या कुत्र्यांचे कैवारी तसे करतातही. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. राजवट कोसळल्यावर पुष्कळ नियम कोसळले. हा मात्र राहिला. इतकेच नव्हे, तर ज्या देशाने त्या राजवटीशी युद्ध केले त्या देशाने हाच नियम पुढे आपण होऊन उचलला. यावरून नियमाची मुळे राजकारणापेक्षा पैदासकारांच्या भयात आणि बाजारात अधिक खोल होती असे दिसते. राजवटीने त्या भयाला फार तर अनुकूल हवा दिली.

नियमाचा अर्थ कागदावर एक ओळ. कुत्रीच्या बाळंतपणात मात्र त्याचा अर्थ निराळा होता. वेतात पांढरे पिल्लू निघाले, की ते पहिल्याच दिवशी मारून टाकण्याची चाल अनेक पैदासकारांत पडली. पिल्लू विकता येईना, नोंदता येईना. आणि लोकांना कळले तर त्या कुत्रीच्या सगळ्या वंशाला कमीपणा. म्हणून हे काम गुपचूप होई. ज्याने बाकीची पाच पिल्ले विकत नेली त्यास सहावे होते हे समजतही नसे. यातून जातीतला पांढरेपणा नाहीसा झाला काय? येथे थोडे गणित करावे लागेल, श्रोत्यांनी क्षमा करावी.

समजा, शंभर पिल्लांत एक पांढरे निपजते. मेंडेलच्या हिशेबाने त्या शंभरांत अठरा पिल्ले अशी निघतात, की ती दिसतात काळीतांबडी पण पांढरा अंश बाळगून असतात. म्हणजे एकंदर वीस अंशांपैकी दोन पांढऱ्या पिल्लात आणि अठरा त्याच्या दिसावयास निर्दोष भाऊबंदांत. पांढरे पिल्लू मारले म्हणजे वीसातले दोन गेले. अठरा पदके मिळवीत प्रदर्शनात मिरवत राहिले. असे पिढ्यान् पिढ्या करीत गेले, तर दहा पिढ्यांनंतर पांढऱ्या पिल्लांचे प्रमाण शंभरांत एक यावरून चारशेंत एक यावर येते. दहा पिढ्या म्हणजे कुत्र्यांची तीसचाळीस वर्षे. एवढ्या काळातल्या सगळ्या हत्यांचे फळ एवढेच, की रंग जेवढा विरळ झाला तेवढा तो निपजल्यावर मालकाला अधिक धक्का बसू लागला. “असा रंग जातीत असूच शकत नाही” असे सांगणारे आमचे कोपऱ्यावरचे गृहस्थ या धक्क्याचेच वारस होत.

अमेरिकेत गोष्ट थोडी निराळी घडली. तेथे जर्मनीहून गेलेल्या कुत्र्यांबरोबर पांढरा अंशही गेला होता. ॲन ट्रेसी या पैदासकार बाईंकडे १९१७ साली पांढरी पिल्ले जन्मली, ती नोंदली गेली, आणि लोकांनी ती हौसेने घेतली. पुढली पन्नासएक वर्षे पांढरा कुत्रा तेथे घरोघरी होता, प्रदर्शनातही येई. १९६८ साली मात्र अमेरिकन केनेल क्लबने जातीच्या संघाची दुरुस्ती मान्य करून पांढऱ्याला प्रदर्शनातून बाद केले. त्यात एक गमतीची तडजोड होती. कुत्र्याची नोंदणी चालू राहिली. आज्ञापालनाच्या शर्यतीतही त्याला जाता येई. तो जर्मन शेफर्ड आहे हे मान्य. त्याने परीक्षकांपुढे उभे राहून तसे दिसू नये, एवढेच. इंग्लंडने याहून सौम्य भाषा वापरली. तेथील नियमावलीत पांढरा रंग ‘अत्यंत अनिष्ट’ ठरला. कॅनडात पांढरे कुत्रे सर्वांत अधिक काळ मांडले गेले. तेथे १९९८ साली दार बंद झाले.

याच सुमारास जन्मलेल्या दुसऱ्या एका जातीची हकिकत शेजारी ठेवली म्हणजे या सर्व प्रकाराचे विचित्रपण ध्यानात येते. ज्या १८९९ साली स्टेफानित्सने वही उघडली, त्याच साली इंग्लंडात मेजर रॅडक्लिफ यांच्याकडे बेन ऑफ हाइड नावाचा पिवळा लॅब्राडॉर जन्मला. त्याचे आईबाप काळे. लॅब्राडॉर म्हणजे काळा, असा त्या वेळचा पक्का समज. पिवळी पिल्ले तेथेही नकोशीच होती. पण रॅडक्लिफ यांनी बेनला ठेवले, त्याची पैदास केली, आणि पिवळ्या लॅब्राडॉरची नोंदलेली परंपरा त्याच्यापासून सुरू झाली. आज पिवळा लॅब्राडॉर पाहून “हा क्रॉस आहे ना?” असे कोणी विचारीत नाही, उलट लॅब्राडॉर म्हटला की तोच डोळ्यांपुढे येतो. २००० साली लॅब्राडॉरच्या पिवळ्या रंगामागचे जनुक हुडकले गेले, आणि पांढऱ्या अल्सेशियनमध्येही तोच फेर आढळला. केसात काळे द्रव्य घालण्याचा हुकूम देणारी एक कळ दोन्ही जातींत सारखीच निकामी झालेली आहे. उरलेला पिवळा रंग गडद राहावा की अगदी फिका पडावा, हे दुसऱ्या काही कारणांनी ठरते. म्हणून एक पिवळा दिसतो आणि एक पांढरा. मूळ खोट एकच. एका जातीत तिने घर भरले, दुसरीत ती पहिल्या दिवशीच पुरली गेली. निसर्गाच्या बाजूने काहीच निराळे घडले नव्हते. इंग्लंडातील एका गृहस्थाला पिल्लू आवडले, एवढाच फरक.

पांढऱ्या अल्सेशियनला असा आश्रय मिळाला तो अखेर स्वित्झर्लंडात. अगाथा बुर्ख या स्विस बाईंनी अमेरिकेतून ‘लोबो’ नावाचा पांढरा नर आणला. त्याचा जन्म ५ मार्च १९६६ चा. स्पॅनिश भाषेत लोबो म्हणजे लांडगा. लांडगा वाटू नये म्हणून कोलुमेलाने ज्या रंगाची शिफारस केली, त्याच रंगाच्या कुत्र्याला हे नाव पडावे हा योग मौजेचाच. लोबोची आणि युरोपात आलेल्या इतर पांढऱ्या कुत्र्यांची संतती वाढत गेली. पुष्कळ दिवस तिला ‘अमेरिकन-कॅनेडियन पांढरा शेफर्ड’ म्हणत. जून १९९१ मध्ये स्विस वंशावळीच्या परिशिष्टात ती नवी जात म्हणून लिहिली जाऊ लागली. अमेरिकेतील युनायटेड केनेल क्लबने १९९९ साली ‘व्हाइट शेफर्ड’ ही जात मानली. आंतरराष्ट्रीय महासंघाने २००२ च्या अखेरीस स्विस नावाने तात्पुरती आणि २०११ साली कायमची मान्यता दिली. क्रमांक ३४७. जर्मन शेफर्डचा क्रमांक १६६.

म्हणजे फ्रँकफुर्टच्या ग्राइफपासून निघालेले रक्त जर्मनीत बाद ठरले, अमेरिकेत वाढले, आणि स्वित्झर्लंडात येऊन स्विस झाले. इंग्रजांनी ज्या सहजतेने त्याला अल्सासचा केले, त्याच सहजतेने. पांढऱ्या कुत्र्यांच्या मालकांत यावरून आजही दोन तट आहेत. एक म्हणतो, नाव गेले तरी कुत्रा वाचला, वेतातली हत्या थांबली, प्रदर्शनात मानाने उभे राहता आले. आणखी काय हवे? दुसरा म्हणतो, हा कुत्रा जर्मन शेफर्डच होता आणि आहे. वेगळे घर देणे हा त्याला घराबाहेर काढण्याचाच सभ्य प्रकार होय. आमचे मन दुसऱ्या पक्षाकडे झुकते. पण पहिल्या पक्षाच्या हातात जिवंत पिल्ले आहेत, आणि हा युक्तिवाद खोडणे कठीण आहे.

नियम बदलत नाहीत असेही नाही. लांब केसांचा जर्मन शेफर्ड हा मेंढपाळांच्या काळापासूनचा, पण पावसात केस भिजून जड होतात म्हणून तोही दोषी ठरला होता, आणि त्याच्याही मालकांना “क्रॉस आहे ना?” हा प्रश्न ऐकावा लागे. २०१० सालच्या नियमावलीत लांब केसांचा प्रकार रीतसर मान्य झाला. दोनच प्रकार मानले गेले, आखूड आणि लांब. त्याच नियमावलीत बाद ठरविणाऱ्या दोषांच्या यादीत पांढरा रंग कायम आहे, आणि डोळे व नखे गडद असली तरीही तो बादच, असे त्यात मुद्दाम लिहिले आहे. अल्बिनोपणाचा आरोप खोटा आहे हे लिहिणाऱ्यास ठाऊक असल्याखेरीज ही पुस्ती सुचली नसती.

आपल्या देशातील केनेल क्लब त्याच महासंघाचा सभासद असल्याने आपल्याकडील मालकांनाही हेच लागू. बाजारात मात्र याच्या उलट चालते. ‘दुर्मीळ’ म्हणून पांढऱ्या पिल्लाचा भाव वाढवून सांगणारे विक्रेते असतात, आणि त्यांच्या लोभाने दोन पांढरी कुत्री कसलाही विचार न करता एकत्र आणली जातात. पिल्लू घेणाऱ्याने आईबापांचे चौक, म्हणजे मागील पायांचे खुबे, तपासले गेले आहेत काय हे आधी विचारावे. या जातीचे खरे दुखणे तेथे आहे, आणि ते रंग पाहून येत नाही.

मध्यंतरी राहिलेल्या पिल्लाचे काय, एवढे सांगावयाचे राहिले. आजही दोन काळ्यातांबड्या, पदके मिळविलेल्या जर्मन शेफर्डांच्या वेतात एखादे पांढरे पिल्लू निपजते. १६६ क्रमांकाच्या जातीत ते प्रदर्शनाला आणि पैदाशीला बाद. ३४७ क्रमांकाच्या जातीचे म्हणावे, तर त्याचे आईबाप त्या वहीत नाहीत. आमच्या कुत्रीच्या नोंदणीपत्रावर आईबापांची नावे आहेत, जन्मतारीख आहे, आणि रंगाच्या रकान्यात ‘पांढरा’ असा शब्द आहे.